काटकसरीची विद्या

क्वांटम संगणकाविषयीची बातमी मराठी वर्तमानपत्रांत येते तेव्हा तिच्यात बहुधा एकच आकडा ठळक असतो, आणि तो म्हणजे क्युबिटांचा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये संरक्षण संशोधन व विकास संघटनेची पुण्यातील क्वांटम प्रयोगशाळा, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांनी मिळून घडविलेल्या अतिसंवाहक प्रोसेसरची संपूर्ण चाचणी पार पडली, तेव्हा 'सहा क्युबिट' ही बातमी झाली. त्यापूर्वी एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर केले. आठ वर्षांत ५० ते १,००० क्युबिटांची यंत्रे उभी करावयाची हे उद्दिष्ट त्या वेळी जाहीर झाले, आणि चर्चा पुन्हा आकड्यापाशीच थांबली. अशा यंत्राकडून एक उत्तर मिळवायला त्याला किती वेळा विचारावे लागते, आणि त्या विचारण्याचा खर्च किती, हा प्रश्न मात्र आमच्या वाचनात मराठीत क्वचितच आला. आमच्या मते खरा प्रश्न तोच आहे. नाशिकसारख्या शहरातल्या महाविद्यालयांच्या दृष्टीने तर तो पहिला प्रश्न ठरावा.

मराठी शिकविणाऱ्यांनी या विषयात बोलावे काय, अशी शंका कोणी घेईल. यंत्र कसे बांधावे हे आम्ही सांगणार नाही. परंतु ज्या विद्येची चर्चा आपल्या भाषेत होत नाही, ती विद्या आपल्या विद्यार्थ्यांपर्यंत मालाच्या रूपात येते, विचाराच्या रूपात येत नाही. ही चिंता भाषेच्या शिक्षकाने करावयाची नाही, तर कोणी?

प्रथम विषय समजून घेऊ. आजची क्वांटम यंत्रे लहान आहेत आणि गोंगाटी आहेत. लांबलचक आकडेमोड त्यांच्यात टिकत नाही. जॉन प्रेस्किल या शास्त्रज्ञाने २०१८ मध्ये या कालखंडाला 'निस्क' असे नाव दिले. अशा यंत्रांकडून काही काम करून घ्यावे म्हणून जी रीत पुढे आली, तिला इंग्रजीत व्हेरिएशनल अल्गोरिदम म्हणतात. आपण तिला तूर्त 'फेरबदलाची रीत' म्हणू. हिच्यात काम दोघांत वाटलेले असते. क्वांटम यंत्रावर काही खुंट्या असतात असे समजा. त्या एका विशिष्ट प्रमाणात पिळल्या की यंत्र एक अवस्था तयार करते. ती मोजली की एक आकडा मिळतो. तो आकडा पाहून शेजारचा साधा संगणक ठरवितो की कोणती खुंटी किती पिळावी. मग पुन्हा अवस्था, पुन्हा मोजणी, पुन्हा फेरबदल. तंबोरा लावणारा तार छेडतो, ऐकतो आणि खुंटी किंचित फिरवितो, तसेच हे. २०१४ मध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशाच्या चिपवर या रीतीने हेलियम आणि हायड्रोजन यांच्या एका लहानशा आयनाची ऊर्जा काढून दाखविली. त्याच वर्षी फार्ही, गोल्डस्टोन आणि गुटमन यांनी असंख्य पर्यायांतून चांगला पर्याय निवडण्याच्या कोड्यांसाठी हीच पद्धत सुचविली.

रीत सुटसुटीत वाटते. अडचण तंबोऱ्याच्या उपमेत लपली आहे. गवई एकदा तार छेडतो आणि त्याला सूर कळतो. क्वांटम यंत्राचा सूर एका छेडण्यात कळत नाही.

याला आमच्या जिल्ह्यातलाच दाखला घेऊ. निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला द्राक्षे तोडायला आली की नाहीत हे गोडी मोजून ठरवावे लागते. त्यासाठी मणी चिरडून रसाचा थेंब यंत्रावर धरावा लागतो, आणि मोजला तो मणी गेला. एका मण्यावरून बागेचा अंदाज बांधता येत नाही. इकडचे, तिकडचे, उन्हातले, सावलीतले पुष्कळ मणी घ्यावे लागतात. शिवाय संख्याशास्त्राचा नियम मोठा कठोर आहे. अंदाज दसपट नेमका हवा असेल तर मणी शंभरपट चिरडावे लागतात. क्वांटम मोजणीचे नेमके असेच आहे. मोजली की अवस्था मोडते. ती पुन्हा घडवावी लागते, पुन्हा मोजावी लागते, आणि असे हजारो वेळा करून सरासरी काढावी तेव्हा कोठे एक आकडा हाती येतो. नेमकेपणा दसपट हवा, तर मोजण्या शंभरपट.

हा झाला पहिला गुणाकार. दुसरा असा की, रेणूची ऊर्जा ही एकच राशी नसून अनेक लहान राशींची बेरीज असते. रेणूतल्या ज्या कक्षा हिशेबात घ्यायच्या त्यांची संख्या वाढली की या राशींची संख्या साधारणपणे त्या संख्येच्या चौथ्या घाताने वाढते. कक्षा दुप्पट तर राशी सोळापट. तिसरा गुणाकार फेऱ्यांचा, कारण खुंट्या एकदा पिळून भागत नाही.

तीन गुणाकार एकत्र केले म्हणजे काय होते ते पाहा. समजा, मोजावयाचे गट १००, प्रत्येक गटाच्या मोजण्या १,०००, आणि फेऱ्या २००. एकूण मोजण्या झाल्या दोन कोटी. ॲमेझॉनने २०२० मध्ये अशी यंत्रे भाड्याने द्यायला सुरुवात केली, तेव्हा दर कामामागे ३० सेंट हा ठोक आकार होता आणि दर मोजणीचा आकार वेगळा. आयनांवर चालणाऱ्या यंत्राला तो एक सेंट होता. आपल्या दोन कोटी मोजण्यांचे त्या दराने दोन लाख डॉलर होतात, आणि वीस हजार कामांचे सहा हजार डॉलर वरती. दुसऱ्या एका स्वस्त यंत्राचा दर सेंटाच्या तिसाव्या भागाच्या आसपास होता. त्याच्यावरही सात हजार डॉलर. ही रक्कम एका मध्यम आकाराच्या रेणूच्या एका प्रयत्नाची आहे. कोणत्या पदव्युत्तर विभागाला हे परवडेल?

म्हणून गेल्या दशकात या क्षेत्रातले पुष्कळसे बुद्धिमान काम खर्च उतरविण्याच्या वाटा शोधण्यात झाले आहे. या वाटा तपशिलाने पाहण्यासारख्या आहेत, कारण त्यांत महागडे यंत्र फारसे नाही, विचार आहे.

पहिली वाट एकत्र मोजण्याची. एकाच मण्याच्या रसातून गोडी आणि आंबटपणा दोन्ही काढता येतात; त्यासाठी दोन मणी लागत नाहीत. मण्याचा करकरीतपणा मोजावयाचा असेल तर मात्र तो आधी चिरडून चालणार नाही, दुसरा मणी घ्यावा लागेल. क्वांटम राशींतही काही परस्परांना अशा अनुकूल असतात, काही नसतात. अनुकूल राशींचे गट पाडले की मोजण्या झपाट्याने घटतात. आयबीएमच्या अभिनव कंदाला आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये बेरिलियम हायड्राइडपर्यंतचे रेणू सहा क्युबिटांवर सोडविले, तेव्हा शंभरावर राशी त्यांनी अशाच पुष्कळ कमी गटांत बसविल्या होत्या. गट कसे पाडावेत हा प्रश्न निव्वळ कागदावरचा आहे. आलेख सिद्धान्त शिकलेला बी. एस्सी.चा विद्यार्थी त्याला हात घालू शकतो.

दुसरी वाट खुंट्यांची. खुंट्या ४० असतील आणि प्रत्येकीचा उतार वेगळा काढावयाचा असेल, तर नेहमीच्या पद्धतीत एका पावलाला ८० वेळा विचारावे लागते. जेम्स स्पॉल यांनी १९९२ मध्ये, क्वांटम यंत्रांचा विचार नसताना, एक युक्ती सांगितली होती : सर्व खुंट्या एकदम यदृच्छेने थोड्या इकडे, मग तितक्याच तिकडे हलवा आणि दोन उत्तरांच्या फरकावरून पाऊल टाका. खुंट्या ४० असोत की ४००, विचारावयाचे दोनदाच. पाऊल अडखळते पडते हे खरे, आणि पावले अधिक टाकावी लागतात हेही खरे. पण एकूण खर्च बहुधा पुष्कळ कमी येतो.

तिसरी वाट आधीच्या अनुभवाची. एकाच जातीच्या कोड्यांत खुंट्यांच्या चांगल्या जागा जवळजवळ त्याच येतात, हे २०१८ मध्ये दाखविले गेले. म्हणजे लहान कोडे साध्या संगणकावर सोडवावे आणि त्याच्या खुंट्यांच्या जागा मोठ्या कोड्याला द्याव्यात. महागड्या यंत्रावरचा शोध पुष्कळसा वाचतो. चौथी वाट आवश्यक तेवढेच उभारण्याची. २०१९ मधील एका पद्धतीत यंत्रावरची रचना आधी आखून ठेवत नाहीत. ज्या एका भरीने सर्वांत अधिक फायदा होईल, तेवढीच भर प्रत्येक पायरीला घालतात. आणि पाचवी, २०२० मधील ह्वांग, कुएंग व प्रेस्किल यांची. ही मंडळी अवस्थेला यादृच्छिक दिशांनी मोजून तिच्या जणू सावल्या टिपून ठेवतात, आणि प्रश्न नंतर विचारतात. मोजक्याच क्युबिटांशी संबंधित राशी विचारावयाच्या असतील तर त्यांची संख्या दहावरून शंभर झाली तरी मोजण्या साधारण दुपटीनेच वाढतात.

या सर्व वाटांना मिळून एक नाव द्यावयाचे तर मराठीत ते तयार आहे : काटकसर. आपल्या घरांत हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, आणि 'चिक्कूपणा' या शब्दापासून त्याचे अंतर प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. काटकसरीत गरज भागते आणि पैसा वाचतो; चिक्कूपणात पैसा वाचतो आणि गरज तशीच राहते. क्वांटम मोजणीतही मोजण्या नुसत्या छाटल्या तर उत्तर स्वस्त मिळेल, पण ते चुकीचे असेल. कोठे कमी मोजून चालते आणि कोठे चालत नाही, याचा विवेक हीच इथली विद्या आहे.

तो विवेक नसला म्हणजे काय होते, त्याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. २०१८ मध्ये मॅक्लीन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की खुंट्या यदृच्छेने लावून सुरुवात केली आणि रचना पुरेशी खोल असली, तर क्युबिट वाढतील तसा उतार घातांकी वेगाने नाहीसा होतो. चोहीकडे सपाट. कोणत्या दिशेला उतरावे हे कळण्यासाठीच इतक्या मोजण्या लागतात की सगळी काटकसर वाया जावी. इंग्रजीत याला 'बॅरन प्लॅटो' म्हणतात. याचे भाषांतर कोणी 'वंध्य पठार' करील. आम्ही विद्यार्थ्यांसमोर 'बरड माळ' म्हणू. नांदगाव-येवल्याकडच्या मुलाला बरड म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. कितीही राबले तरी हाती काही न लागणारी ती जमीन त्याने पाहिलेली असते.

शब्दांचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट नोंदवितो. या क्षेत्रात इंग्रजी 'कॉस्ट' हा शब्द दोन अर्थांनी येतो. जी राशी खुंट्या पिळून कमी करावयाची, तीही कॉस्ट. आणि ती कमी करताना यंत्राला पडणारा श्रम, वेळ व पैसा तोही कॉस्ट. विद्यार्थी येथे हमखास घोटाळतात. मराठीत पहिल्याला 'उणेपण' आणि दुसऱ्याला 'खर्च' म्हटले की प्रश्न एका वाक्यात मांडता येतो : उणेपण कमीत कमी करावयाचे आहे, पण त्यासाठी खर्च किती करावा? परिभाषा म्हणजे इंग्रजी शब्दाला संस्कृत प्रतिशब्द शोधणे, हा समज आपल्याकडे फार दृढ आहे. चांगली परिभाषा कधी कधी मूळ भाषेतला गोंधळही दूर करते.

खर्च वाचविणे हे मूळ शोधापेक्षा दुय्यम काम आहे, असे मानणाऱ्यांसाठी शेजारच्या खानदेशातले एक उदाहरण देतो. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचे नातू चंगदेव यांनी काढलेल्या मठाला मिळालेल्या दानाची नोंद त्यात आहे. भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त चक्रवाल नावाची रीत येते. एका संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळविला असता पूर्ण वर्ग यावा, अशी पूर्णांक संख्या काढा, असा प्रश्न आहे. सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० आहे. एकापासून एकेक संख्या तपासत गेल्यास बावीस कोटींहून अधिक तपासण्या होतील. चक्रवाल रीत एका अंदाजापासून निघते, प्रत्येक फेरीत फरक लहानात लहान राहील अशी निवड करते, आणि मोजक्या पायऱ्यांत उत्तराशी येते. फर्माने हाच आकडा १६५७ मध्ये युरोपातल्या गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून ठेवला होता. यावरून 'क्वांटम संगणक आमच्या ग्रंथांत होता' असे कोणी म्हणू लागेल, तर त्याला आमचा सक्त विरोध आहे. आमचे म्हणणे एवढेच की पायऱ्या वाचविणे ही गणितातली थोर कामगिरी मानली गेली आहे, आणि तिच्या अध्ययनासाठी या भूमीत दानेही दिली गेली आहेत.

आता आमचा मुख्य मुद्दा. अतिसंवाहक क्युबिटांचे यंत्र निरपेक्ष शून्याच्या जवळ, अंशाच्या शंभराव्या भागाच्या आसपास थंड ठेवावे लागते. असे यंत्र प्रत्येक जिल्ह्यात येणार नाही आणि येऊही नये. पण खर्च कमी करण्याच्या वर सांगितलेल्या वाटांवर चालायला ते यंत्र दाराशी लागत नाही. वीस क्युबिटांची अवस्था साध्या संगणकात मांडायला सुमारे साडेदहा लाख संख्या लागतात. त्या १६ मेगाबाइटांत मावतात. तीस क्युबिटांना १६ गिगाबाइट पुरतात. पुढे प्रत्येक क्युबिटाला जागा दुप्पट होते, आणि पन्नासपाशी साधा संगणक हात टेकतो. म्हणजे गट पाडण्याची नवी युक्ती, खुंट्या फिरविण्याची नवी चाल, अनुभव उसना देण्याची नवी तऱ्हा, हे सारे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या संगणकावर पारखून पाहता येते. प्रगत संगणन विकास केंद्र, अर्थात सी-डॅक, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि रुरकीची आयआयटी यांनी 'क्यूसिम' हे अनुकरणाचे साधन २०२१ मध्ये त्याचसाठी खुले केले. सुरगाणा-पेठहून आलेल्या मुलीला सहा हजार कोटींच्या योजनेत वाटा कसा मिळेल, याचे आम्हाला दिसणारे सर्वांत सरळ उत्तर हे आहे. मोठ्या यंत्राचे हार्डवेअर तिच्या हाती लवकर येणार नाही. पण त्या यंत्राला कमी प्रश्नांत बोलते करण्याची युक्ती तिला सुचू शकते.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप या रीतीविषयीच आहे, आणि तो गंभीर आहे. २०२३ मध्ये सेरेझो आणि सहकाऱ्यांनी असा प्रश्न मांडला की, बरड माळ टाळण्याच्या ज्या युक्त्या आपल्याला ठाऊक आहेत, त्या वापरल्या की ते कोडे पुष्कळदा साध्या संगणकालाही सुटण्यासारखे होते. तसे असेल तर क्वांटम यंत्र हवे कशाला? या प्रश्नाचा निकाल अजून लागलेला नाही. तरीही आमच्या मताला त्याने बाध येत नाही. काटकसर करता करता यंत्राशिवायच काम भागते असे आढळले, तर ते काटकसरीचे अपयश कसे? दोन लाख डॉलर खर्चण्यापूर्वी ते कळणे, हा तर मोठा नफा आहे. त्यातही आपल्यासारख्या देशाला अधिक.

दुसरा आक्षेप भाषेचा. हे सारे इंग्रजीत आहेच, मराठीत आणून काय साधणार? येथे आम्हाला डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची आठवण द्यावीशी वाटते. त्याचे अध्यक्ष डॉ. जयंत नारळीकर होते. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत; २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. एका खगोलशास्त्रज्ञाला मराठीने अध्यक्षपद दिले, याचा आपण अभिमान बाळगला. परंतु नारळीकरांनी विज्ञान मराठीत लिहिले ते ओळख करून देण्यापुरते नव्हे. विचार करण्याची शिस्त मराठीत यावी म्हणून. त्या संमेलनानंतर नाशिकच्या किती मराठी विभागांनी विज्ञानाच्या शिक्षकांबरोबर बसून एक पानभर मजकूर तयार केला? हा प्रश्न आम्ही आधी आमच्या व्यवसायबंधूंनाच विचारतो आहोत.

करण्यासारखे काम मोठे नाही. मराठी, गणित आणि संगणक या तीन विभागांनी मिळून फेरबदलाच्या रीतीवर दहा-बारा पाठ तयार करावेत. प्रत्येक पाठात एक कोडे, त्याच्या मोजण्यांचा हिशेब आणि खर्च उतरविण्याची एक युक्ती असावी. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नाशकात आहे. घरी बसून मराठीतून शिकणाऱ्यांपर्यंत पोहोचण्याचा एवढा अनुभव असलेली दुसरी संस्था जवळपास नाही. असे पाठ तेथून सहज दूरवर जातील. मराठी विज्ञान परिषद तर १९६६ पासून हेच व्रत चालवीत आहे.

आणि पुढच्या वेळी क्युबिटांचा मोठा आकडा वर्तमानपत्रात आला, की आपल्या विद्यार्थ्यांनी त्याखाली दोन प्रश्न पेन्सिलीने लिहावेत : एका उत्तराला मोजण्या किती लागल्या? आणि त्या कमी करता आल्या असत्या काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मुंबईच्या किंवा पुण्याच्या प्रयोगशाळेत जावे लागत नाही.